सिन्नरच्या मुलाखतीने फार निराश केले. दुसऱ्या फेरीला जावे का?

शून्यदोष (सिडको, नाशिक)

नमस्कार. मी यंत्र अभियांत्रिकीची पदविका घेतली असून गेली सहा वर्षे अंबड औद्योगिक वसाहतीतील एका लहान कारखान्यात गुणवत्ता विभागात काम करतो. आमच्याकडे सगळी मिळून चाळीसेक माणसे आहेत, सीएनसी लेथवर मोटारींच्या सुट्या भागांचे काम चालते, आणि गुणवत्ता विभाग म्हणजे मी, एक निरीक्षक आणि दोन शिकाऊ उमेदवार एवढाच पसारा आहे. काम आवडते, मालकही माणूस म्हणून चांगले आहेत. परंतु माझ्या वरची जागाच तेथे नसल्यामुळे पुढे सरकायला हवे असे वर्षभर वाटत होते. म्हणून सिन्नर बाजूच्या एका बऱ्याच मोठ्या कारखान्यात ‘गुणवत्ता अभियंता’ या पदासाठी अर्ज केला. कारखान्याचे नाव मी लिहीत नाही आणि कोणाला वर्णनावरून अंदाज आला तरी त्यांनीही ते लिहू नये, ही विनंती.

मुलाखत मंगळवारी सकाळी साडेदहाची होती. द्वारका चौकात अडकून उशीर होऊ नये म्हणून मी साडेआठलाच दुचाकीवर निघालो आणि मोहदरी घाट चढून दहाला दहा मिनिटे कमी असताना फाटकापाशी पोहोचलो. नोंदवहीत सही झाली, मोबाईलच्या कॅमेऱ्यावर चिकटपट्टी लावली गेली आणि आम्हा आठ जणांना एका खोलीत बसवण्यात आले. त्यानंतर पावणेदोनपर्यंत कोणीही काहीही सांगितले नाही. मधे जेवणाची घंटा झाली, ज्या साहेबांना आम्हाला भेटायचे होते ते आमच्याच समोरून गप्पा मारत कॅन्टीनकडे गेले आणि अर्ध्या तासाने तसेच परतले. मी अर्ध्या दिवसाची रजा काढून गेलो होतो. ती पूर्ण दिवसाची झाली.

आत दोन अधिकारी होते. पहिलाच प्रश्न आला, ‘तुझा वेल्डिंगचा अनुभव सांग.’ मी वेल्डिंगचे काम कधीच केलेले नाही आणि अर्जात तसे लिहिलेलेही नाही. मी तसे नम्रपणे सांगितल्यावर त्यांनी समोरचा कागद उलटून पाहिला, तेव्हा तो माझ्या आधीच्या उमेदवाराचा निघाला. माझा अर्ज त्यांनी माझ्या समोरच पहिल्यांदा उघडला.

मग एक बुश आणि शून्य ते पंचवीसचा मायक्रोमीटर पुढे सरकवून बाहेरचा व्यास मोजायला सांगितले. सवयीप्रमाणे मी आधी मायक्रोमीटर मोकळा बंद करून पाहिला, तर शून्याची रेघ दोन घरे पुढे होती, म्हणजे ०.०२ मिलिमीटरचा दोष. वरच्या कॅलिब्रेशनच्या (अचूकतेच्या तपासणीच्या) चिठ्ठीवरची मुदतही संपलेली होती. मी दोन्ही गोष्टी सांगितल्या, आलेल्या मापातून दोष वजा केला आणि उत्तर दिले. त्यावर मोठे साहेब हसले आणि म्हणाले, ‘अरे, हा मुलाखतीसाठी ठेवलेला आहे, याला कसलं कॅलिब्रेशन!’ का कोण जाणे, दिवसभरात सर्वांत जास्त लागले ते हे वाक्य.

त्यानंतर प्रक्रिया किती नेमकी चालते ते सांगणाऱ्या दोन आकड्यांवर, म्हणजे सीपी आणि सीपीकेवर एक प्रश्न झाला, त्याचे उत्तर मला नीट देता आले नाही. पुढचा सारा वेळ मात्र माझ्या सध्याच्या कारखान्याविषयी गेला. आमचे ग्राहक कोण, अमुक भागाचा सायकल टाइम (एक नग बनायला लागणारा वेळ) किती, नगामागे दर काय मिळतो, गेल्या तिमाहीत किती माल परत आला, असे प्रश्न एकामागून एक आले. मी ‘हे सांगणे योग्य होणार नाही’ असे म्हटल्यावर दुसरे साहेब म्हणाले, ‘मग आम्ही तुला ओळखायचं कसं?’ मी गप्प बसलो. शेवटी तीन महिन्यांची पगारपत्रके मागितली, ती मी दाखवली. सध्या माझ्या हातात दरमहा २७,२०० रुपये येतात. ते पाहून त्यांनी वार्षिक ४ लाख २० हजारांचा आकडा सांगितला आणि मी उठता उठता असेही सांगितले की पहिली दोन वर्षे ठेकेदाराच्या रोलवर (म्हणजे कंपनीऐवजी ठेकेदाराचा कर्मचारी म्हणून) राहावे लागेल, नंतर ‘बघू’. जाहिरातीत ठेकेदाराचा उल्लेखही नव्हता.

काल त्यांचा संदेश आला आहे की पुढील आठवड्यात दुसऱ्या फेरीसाठी मूळ प्रमाणपत्रे घेऊन यावे. घरचे म्हणतात, जवळपास लाखभराची वाढ आहे, मान-अपमान बाजूला ठेव. माझे मन मात्र होत नाही. मुलाखती अशाच असतात आणि मीच हळवा झालो आहे का? ग्राहकांविषयी बोलायला नकार देणे चुकले का? आणि दुसऱ्या फेरीला जावे का? जाणकारांनी मोकळेपणाने सांगावे.

जुना सातपूरकर

मी सातपूरच्या कारखानदारीत मनुष्यबळ विभागात सव्वीस वर्षे काढली आणि आता निवृत्त आहे. माझ्या उमेदवारीच्या काळात नाशिकमध्ये ‘माइकोत लागला’ किंवा ‘महिंद्रात लागला’ म्हटले की मुलाच्या लग्नाची बोलणी सुरू होत. त्यामुळे मोठ्या फाटकाच्या आत जाण्याचे घरच्यांना जे आकर्षण वाटते ते मला समजते. पण घरच्यांनी केलेला हिशेब चुकला आहे, आणि भावनेचा विषय बाजूला ठेवून आधी तोच पाहावा असे मला वाटते.

४ लाख २० हजार म्हणजे महिन्याला ३५,००० रुपये. हा कंपनीचा तुमच्यावरील एकूण खर्च आहे, तुमचा पगार नव्हे. मूळ वेतन निम्मे म्हणजे १७,५०० धरू. भविष्य निर्वाह निधीतील मालकाचा वाटा बहुतेक ठिकाणी १५,००० च्या मर्यादेवर १२ टक्के, म्हणजे १,८०० रुपये, याच आकड्यात धरलेला असतो. ग्रॅच्युइटीपोटी मूळ वेतनाच्या ४.८१ टक्के, म्हणजे सुमारे ८४० रुपये, दाखवले जातात. विम्याचे पाचेकशे धरा. कामगिरीवर अवलंबून असलेला भाग दहा टक्के ठेवण्याची पद्धत आहे, तो ३,५०० रुपयांचा झाला आणि तो वर्षअखेरीस मिळाला तर मिळाला. एवढे वजा केल्यावर उरतात सुमारे २८,३६०. त्यातून तुमचा स्वतःचा निधीचा वाटा १,८०० आणि व्यवसाय कर २०० रुपये (फेब्रुवारीत ३००) कापले जातील. हातात पडतील साधारण २६,३६० रुपये. बस आणि कॅन्टीनचे पैसे कापत असतील तर त्याहूनही कमी.

म्हणजे आज तुम्ही सिडकोतून दहा मिनिटांत अंबडला पोहोचता आणि २७,२०० घेता. उद्या रोज घाट चढून जाल आणि आठशे रुपये कमी घेऊन याल. त्यांची पगाराची मांडणी माझ्या गृहीतापेक्षा वेगळी असू शकते, म्हणून दुसऱ्या फेरीच्या आधी ती पूर्ण फोड करून लेखी मागवा. मागायला संकोच वाटू देऊ नका. तुमची तीन महिन्यांची पगारपत्रके त्यांनी संकोच न करता पाहिली आहेत.

आता ठेकेदाराविषयी. ठेकेदाराच्या रोलवर काम करणे ही आपोआप वाईट गोष्ट नाही, कित्येकांनी तेथूनच सुरुवात केली आहे. पण जी गोष्ट जाहिरातीत लिहायला हवी ती उमेदवार उठता उठता सांगणे, ही मी माझ्या नोकरीत पाहिलेली जुनी युक्ती आहे आणि प्रामाणिकपणे सांगायचे तर एकदोनदा वरिष्ठांच्या सांगण्यावरून मीही ती वापरली आहे. चार तास बसलेला, रजा गेलेला माणूस त्या क्षणी ‘नाही’ म्हणत नाही, एवढाच तिचा आधार आहे. ठेकेदार कोण, त्याचा करार किती मुदतीचा आणि कंपनीच्या रोलवर घेण्याचा निकष काय, हे विचारा. निधी ठेकेदाराने भरला नाही तर कायद्याने तो भरण्याची जबाबदारी मूळ मालकावर येते, पण ती वसूल करण्यासाठी तुम्हाला निधी कार्यालयाच्या पायऱ्या झिजवाव्या लागतील; त्यापेक्षा दर महिन्याला पासबुक उघडून पाहिलेले बरे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांनुसार नियुक्तिपत्र देणे मालकाला बंधनकारक आहे, तेव्हा पत्र हातात पडल्याशिवाय अंबडचा राजीनामा लिहू नये.

राहिली मूळ प्रमाणपत्रे. ती दाखवायला न्या, पडताळून होईपर्यंत समोर बसा आणि परत घेऊन या. ‘दोन दिवसांत देतो’ म्हणून ठेवून घेण्याचा आग्रह झाला, तर त्याच क्षणी उठावे.

लेथवाला

वरील हिशेब बरोबर आहे, त्याविषयी माझे काही म्हणणे नाही. पण मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसतो (अंबडमध्येच, सहा यंत्रांचे लहान वर्कशॉप आहे), म्हणून थोडे विरुद्ध बोलतो आणि रागावू नये अशी आधीच विनंती करतो.

प्रश्नकर्त्याने प्रतीक्षेच्या खोलीवर एक परिच्छेद लिहिला, मायक्रोमीटरवर एक लिहिला आणि ‘सीपी आणि सीपीकेवर एक प्रश्न झाला, त्याचे उत्तर मला नीट देता आले नाही’ हे एका वाक्यात उरकले. माझ्या मते त्या दिवशीची सर्वांत महत्त्वाची गोष्ट तीच होती. सहा वर्षे गुणवत्ता विभागात असलेल्या माणसाला हे आले नाही, तर समोरचा आकडा खाली आणणारच. नेमका प्रश्न काय होता ते कृपया लिहावे.

दुसरे, मायक्रोमीटरविषयी. मी स्वतः मुलाखतीला मुद्दाम शून्य हललेला मायक्रोमीटर ठेवतो. जो थेट मोजायला लागतो त्याला मी चहा पाजून निरोप देतो. त्यामुळे ती परीक्षाच असावी आणि तुम्ही तीत उत्तीर्ण झाला असाल, अशी शक्यता तुम्ही धरलेलीच दिसत नाही.

तिसरे, ताटकळत ठेवण्याविषयी. याचे समर्थन मी करणार नाही. फक्त एवढे सांगतो की मी दहा जणांना बोलावतो तेव्हा चार येतात, दोन जण फोन उचलत नाहीत आणि एखादा रुजू होण्याच्या दिवशी सकाळी ‘दुसरीकडे लागलो’ असे कळवतो. याचा राग मग जो वेळेवर आला आहे त्याच्यावर निघतो. ते चूक आहे, पण तसे होते.

शून्यदोष (सिडको, नाशिक)

@लेथवाला, रागावण्यासारखे काही नाही. वाक्य घाईने उरकले हे खरे आहे, आणि ते का उरकले तेही मला ठाऊक आहे.

प्रश्न असा होता: ३२ एच७ चा बोअर (आतले भोक) आहे, प्रक्रियेची सीपी १.८ आणि सीपीके ०.९ आली आहे, तर तू सर्वांत आधी काय करशील? मी म्हणालो की यंत्राची क्षमता तपासून पाहीन, स्पिंडलचे बेअरिंग आणि चकची पकड बघीन आणि गरज वाटल्यास देखभाल विभागाला कळवीन. ते एकमेकांकडे पाहून थांबले आणि पुढच्या विषयाकडे वळले. बाहेर पडून गाडी सुरू करेपर्यंत उत्तर चुकल्याचे माझ्या लक्षात आले होते. आमच्याकडे हे आकडे संगणकावरच्या तक्त्यात आपोआप निघतात आणि ग्राहकाला पाठवायच्या कागदांत जातात. १.३३ च्या वर असेल तर हिरवे, खाली असेल तर तांबडे. त्यांच्याकडे बघून विचार करण्याची वेळ क्वचित येते.

मापट्या

तर मग तो प्रश्न येथेच सोडवून टाकू, कारण तो खरोखर चांगला प्रश्न आहे आणि ज्याने तो विचारला त्याला काम कळते असे म्हणावे लागेल. (मी मोजमापाच्या उपकरणांच्या कॅलिब्रेशनचे काम करतो, त्यामुळे दिवसभर हेच.)

३२ एच७ म्हणजे ३२.००० ते ३२.०२५, एकूण २५ मायक्रॉनची मुभा. सीपी ही केवळ पसारा पाहते, म्हणजे मुभा भागिले सहा सिग्मा (सिग्मा म्हणजे मापे किती विखुरलेली आहेत त्याचे प्रमाण). ती १.८ असेल तर सिग्मा सुमारे २.३ मायक्रॉन आला. यंत्र उत्तम आहे, बेअरिंगही ठीक आहे आणि देखभालवाल्यांना बोलावण्याचे काही कारण नाही. सीपीके मात्र सरासरीपासून जवळच्या मर्यादेपर्यंतचे अंतर पाहते आणि त्याला तीन सिग्माने भागते. ती ०.९ असेल तर ते अंतर सुमारे सव्वासहा मायक्रॉन उरले आहे. माप अगदी मध्यावर असते तर ते साडेबारा असायला हवे होते. याचा अर्थ सारी रास मध्यापासून सव्वासहा मायक्रॉनने एका बाजूला सरकलेली आहे. सीपीके ही सीपीच्या बरोबर निम्मी आहे, यावरून कागद-पेन्सिल न घेताही हे ओळखता येते: मध्य आणि मर्यादा यांच्या ऐन मधोमध गाडी उभी आहे.

उपाय एका मिनिटाचा. बोअर मोठ्या बाजूला सरकला असेल तर एक्स अक्षाच्या वेअर ऑफसेटमध्ये (हत्याराची जागा किंचित सरकवणाऱ्या यंत्रातील नोंदीत) उणे ०.००६ द्या, पुढचे पाच नग मोजा आणि सोडून द्या. ‘यंत्र तपासतो’ म्हणणारा अभियंता चालू यंत्र अर्धी पाळी बंद ठेवणार, हे विचारणाऱ्याच्या मनात आले असणार.

लेथवाले यांच्या दुसऱ्या मुद्द्याशी मात्र मी सहमत नाही. मुद्दाम बिघडवलेले उपकरण परीक्षेसाठी ठेवायचे असेल तर त्यावर ‘वापरासाठी नाही’ अशी तांबडी चिठ्ठी हवी आणि ते कारखान्याच्या इतर उपकरणांत मिसळणार नाही अशा जागी ठेवायला हवे. येथे तर मुदत संपलेली जुनी चिठ्ठी तशीच होती. शिवाय ती परीक्षा असती तर उमेदवाराने दोष दाखवल्यावर परीक्षक हसून त्याची टर उडवत नाही, ‘शाबास’ म्हणतो किंवा निदान कागदावर खूण करतो. मुलाखतीच्या टेबलावर असा मायक्रोमीटर ज्यांना चालतो, त्यांच्या यंत्रापाशी असलेले मायक्रोमीटर कसे असतील, हे दुसऱ्या फेरीला गेलात तर कारखाना दाखवण्याची विनंती करून पाहून घ्या. दोन चिठ्ठ्या वाचल्या तरी पुरे.

गोदाकाठची

मी अंबडमध्ये खरेदी विभागात आहे. मला फक्त ग्राहकांविषयी विचारलेल्या प्रश्नांबद्दल लिहायचे आहे, कारण मूळ प्रश्नाच्या त्या भागाला अजून कोणी हात घातलेला नाही आणि माझ्या मते सर्वांत आक्षेपार्ह प्रकार तोच होता.

नाशिकची कारखानदारी बाहेरून मोठी दिसली तरी आतून एक गाव आहे. अंबडचा पुरवठादार, सातपूरचा ग्राहक आणि सिन्नरचा प्रतिस्पर्धी हे तिघेही एकाच बैठकीला निमाच्या किंवा आयमाच्या (कारखानदारांच्या संघटनांच्या) सभागृहात शेजारी शेजारी बसलेले असतात. नगामागचा दर आणि सायकल टाइम हे दोन आकडे मिळाले की तुमच्या मालकांना किती सुटते, हे कोणीही काढू शकतो. पुढच्या निविदेत त्याखाली चार आणे कमी दर भरणे मग अवघड राहत नाही. मी खरेदीत बसते, त्यामुळे असा आकडा हाती आला की त्याचे काय करतात हे मला माहीत आहे. उमेदवाराला वाटते आपली मुलाखत चालली आहे. प्रत्यक्षात त्याच्या मालकाची चाललेली असते. आठ जण बोलावले होते म्हणता, त्यांपैकी किती जण अशाच लहान पुरवठादारांकडचे होते हे आठवून पाहा.

तेव्हा नकार देणे अजिबात चुकलेले नाही. नकारानंतर गप्प बसणे मात्र टाळता आले असते. ‘मग आम्ही तुला ओळखायचं कसं’ याला उत्तर आहे. दर आणि ग्राहकाचे नाव न घेता आपण केलेले काम सांगता येते: अमुक प्रकारच्या भागात अमुक दोष येत होता, कारण शोधायला इतके दिवस लागले, फिक्स्चरमध्ये हा बदल केला आणि तक्रार बंद झाली. ‘आकडे माझ्या मालकांचे आहेत, पद्धत माझी आहे, ती सांगतो’ असे एक वाक्य तयार ठेवावे. मी स्वतः ते दोनदा वापरले आहे. पहिल्या ठिकाणी नोकरी मिळाली नाही, दुसऱ्या ठिकाणी मिळाली आणि तेथेच आज आहे.

जाता जाता, मला पहिल्या ठिकाणी दराच्या प्रश्नानंतर ‘लग्नाचं काय ठरलंय’ असेही विचारले होते. भरतीत स्त्री म्हणून भेदभाव करायला १९७६ च्या समान वेतन कायद्यानेही बंदी होती आणि आताच्या वेतन संहितेनेही आहे. तरी विचारणारे विचारतात. तेव्हा मी ‘ठरलं की पत्रिका पाठवीन’ एवढेच म्हणाले. हळवेपणाचा प्रश्न तुम्ही विचारला आहे म्हणून सांगते: घरी आल्यावर मीही दोन दिवस कोणाशी धड बोलले नव्हते.

जुना सातपूरकर

@गोदाकाठची, आपले म्हणणे शंभर टक्के मान्य. आमच्या वेळी अशा प्रश्नांना ‘बाजारभाव काढणे’ म्हणत. पद खरोखर रिकामे असेलच असेही नसे.

प्रश्नकर्त्यांना एकच जोड देतो: प्रत्यक्ष जाण्याआधी ई-मेलने चार ओळी लिहा. पगाराची फोड, ठेकेदाराचे नाव आणि कराराची मुदत, रोलवर घेण्याचा निकष, तसेच दुसऱ्या फेरीला कोण भेटणार आणि किती वाजता. भाषा साधी ठेवा, तक्रारीचा सूर नको, मंगळवारच्या चार तासांचा उल्लेखही नको. ज्यांना माणूस हवा असतो ते दोन दिवसांत उत्तर देतात.

लेथवाला

मापट्या यांनी माझी चांगलीच कानउघाडणी केली. आमच्या मुलाखतीच्या मायक्रोमीटरला तांबडी चिठ्ठी आज दुपारीच लावली. तो आजवर कपाटात इतर उपकरणांच्याच कप्प्यात पडलेला असे, हे लिहायला लाज वाटते, पण खरे आहे.

शून्यदोष (सिडको, नाशिक)

सर्वांचे मनापासून आभार. आठ दिवसांनी लिहीत आहे, कारण काय झाले ते सांगितल्याशिवाय हा विषय अर्धवट राहिला असता.

जुना सातपूरकर यांनी सांगितल्याप्रमाणे गुरुवारी ई-मेल पाठवली. लेखी उत्तर आले नाही. सोमवारी एका मुलीचा फोन आला. ती स्वभावाने चांगली होती आणि तिला स्वतःला फारशी माहिती नव्हती. फोड ‘जॉइन झाल्यावर मिळेल’, ठेकेदार ‘अजून फायनल नाही’, आणि दुसऱ्या फेरीची वेळ ‘दहापासून पुढे कधीही’. मी तिला विचारले की मूळ प्रमाणपत्रे त्याच दिवशी परत मिळतील ना. ती म्हणाली, विचारून सांगते. त्यानंतर फोन आला नाही आणि मीही केला नाही. घरी तो पगाराचा हिशेब कागदावर मांडून दाखवला. वडिलांनी तो दोनदा बेरीज करून पाहिला आणि मग ‘एवढ्यासाठी रोज घाट कशाला’ असे स्वतःच म्हणाले.

आमच्या मालकांना मी काही सांगितलेले नव्हते, पण रजेच्या दिवशी कुठे गेलो होतो ते त्यांना कुठूनतरी कळलेच होते. (गाव आहे, हे खरेच.) त्यांनी केबिनमध्ये बोलावून काय विचारले असेल, तर ‘आपला दर विचारला का रे?’ मी होय म्हणालो. ‘सांगितलास?’ नाही म्हणालो. त्यावर त्यांनी दोन चहा मागवले आणि पगाराचा विषय दिवाळीनंतर काढू असे सांगितले. त्याला मी फार अर्थ देत नाही, दिवाळीनंतरच्या गोष्टी मी पूर्वीही ऐकल्या आहेत. दुसरीकडे अर्ज करणे चालूच ठेवले आहे, आणि या वेळी पद कोणाच्या रोलवर आहे हे फोनवरच विचारून घेतो.

सीपीकेचे मनाला लागून राहिले होते, म्हणून मंगळवारी तीन क्रमांकाच्या यंत्रावरील आमच्याच एका बोअरची गेल्या महिन्याची मापे काढून हाताने आलेख मांडला. तक्त्यात तो हिरवाच होता, सीपीके १.३५. पण आलेखात सारी रास वरच्या मर्यादेकडे झुकलेली स्पष्ट दिसत होती. ऑफसेटमध्ये उणे ०.००३ दिले आणि ऑपरेटरला ते का दिले हेही सांगितले, तेव्हा तो म्हणाला की हा बोअर वरच्या बाजूला जातो हे त्याला दिवाळीपासून माहीत आहे, कोणी विचारले नाही.

मग मापट्या यांचे चिठ्ठ्यांविषयीचे वाक्य आठवले म्हणून आमच्या विभागातील नऊही मायक्रोमीटर टेबलावर मांडले. आठ ठीक होते. नवव्याची मुदत गेल्या महिन्याच्या २८ तारखेला संपली होती, आणि तो मी रोज वापरतो तोच होता.